मोबाईल सुरू होताना वाचली जाणारी फाईल कोण तपासतं?

मा. संपादक,
सप्रेम नमस्कार.

मागच्या आठवड्यात तुमच्या पेपरात पुण्यातल्या इंजिनियरिंगच्या फायनल इयर प्रोजेक्टांवर अर्धं पान आलं होतं, मी ते दोनदा वाचलं. पिकावरची कीड ओळखणारं अ‍ॅप, पार्किंग शोधून देणारं अ‍ॅप, आजीआजोबांना गोळ्यांची आठवण करून देणारी डबी, सगळं चांगलंच आहे, पोरांनी मेहनत घेतलीये आणि कौतुक व्हायलाच पाहिजे. पण त्या अर्ध्या पानात एकही प्रोजेक्ट असा नव्हता की ज्यात पोरांनी आधीच कुणीतरी लिहिलेला कोड शांतपणे वाचला आणि तो कुठे मोडतो ते तपासून बघितलं. का नव्हता ते मला माहितीये, कारण असा एक प्रोजेक्ट या वर्षी कॉलेजच्या परीक्षकांच्या पॅनेलने नाकारला आणि ती मुलं माझ्या घरी बसून रडकुंडीला आलेली मी बघितलीयेत. म्हणून हे पत्र. लांबलंय, पण कापायचं असेल तर माझ्याबद्दलचं कापा, कोडबद्दलचं ठेवा.

मी वीसेक वर्षं पुण्यात एम्बेडेडमध्ये काम करते, म्हणजे छोट्या छोट्या डब्यांमध्ये जे कॉम्प्युटर बसवलेले असतात त्यांचं सॉफ्टवेअर. रविवारी सकाळी कर्वेनगरला माझ्याकडे चार-पाच मुलंमुली येतात, कुणी साताऱ्याचं, कुणी बार्शीचं, कुणी श्रीरामपूरचं, हॉस्टेलवर राहतात, त्यांना लिनक्सचं, म्हणजे विंडोजसारखीच कॉम्प्युटर चालवणारी जी सिस्टिम आहे तिचं, आतलं बघायचं असतं आणि मला शिकवायला आवडतं, फी वगैरे काही नाही, पोहे मात्र असतात. त्यातल्या तिघांनी प्रोजेक्टला विषय घेतला होता लिनक्सचा कर्नल, म्हणजे त्याचा गाभा, बूट होताना, म्हणजे सुरू होताना, जी सेटिंग वाचतो तो कोड तपासणं आणि त्याच्या टेस्ट लिहिणं. पॅनेलने पहिल्याच रिव्ह्यूला विचारलं, यात तुमचं स्वतःचं काय आहे, दुसऱ्याचाच कोड वाचला ना. दुसरा प्रश्न होता, चूक सापडली का. मुलांनी खरं सांगितलं की अजून नाही सापडली. मग विषय बदला म्हणाले. कॉलेजचं नाव लिहीत नाही, कारण हे एका कॉलेजपुरतं नाहीये.

आता हा कोड म्हणजे काय ते सांगते, तुमच्या वाचकांपैकी बहुतेकांच्या खिशात तो आहे. अँड्रॉइड फोनच्या पोटात लिनक्स कर्नल असतो. फोनचं बटण दाबलं की पहिले काही सेकंद कंपनीचं चिन्ह दिसतं ना, तेव्हा आत कर्नल उठत असतो, आणि तो उठायच्या आधी बूटलोडर नावाचा छोटा प्रोग्राम त्याच्या हातात एक चिठ्ठी देतो. मूळ डिस्क कुठली, मेसेज कुठे दाखवायचे, काय चालू ठेवायचं, काय बंद, असं त्या चिठ्ठीत असतं. वर्षानुवर्षं ही चिठ्ठी म्हणजे एकच लांबलचक ओळ होती, कमांड लाईन म्हणतात तिला, आपल्या नेहमीच्या इंटेल-एएमडी मशिनवर तिची मर्यादा २,०४८ अक्षरं. सेटिंगं वाढत गेली तशी ती ओळ वाचवेना, एखाद्या दुकानाच्या पाटीवर सगळे नियम एकाच ओळीत कोंबल्यासारखं झालं, म्हणून २०२० साली कर्नलच्या ५.६ आवृत्तीत बूटकॉन्फिग नावाची सोय आली. वेगळी फाईल, नीट कंस घालून, एकाखाली एक, ३२ केबीपर्यंत. अँड्रॉइड १२ पासून फोनची स्वतःची बूट सेटिंगं कमांड लाईनऐवजी या बूटकॉन्फिगमधून द्यायची पद्धत आलीये. म्हणजे माझी मुलं कुठल्या तरी कोपऱ्यातल्या कोडबद्दल बोलत नव्हती.

आणि ही वेळ मोठी अवघड असते. कर्नल अजून पुरता उठलेला नसतो, नेहमी मेमरी मागायची जी पद्धत ती तयार नसते, जुजबी व्यवस्थेवर भागवावं लागतं, वाणसामान यायच्या आधी घरात आहे तेवढ्यावर स्वयंपाक केल्यासारखं. स्क्रीनवर काही लिहिता येईलच असंही नाही. काही बिनसलं तर समोर फक्त काळी स्क्रीन, काय चुकलं ते सांगायलाही कुणी जागं नसतं. शिवाय या वेळचा बराचसा कोड एकदाच वापरायचा असतो, काम झालं की कर्नल त्याची जागा मोकळी करून टाकतो, इमारत उभी राहिल्यावर परांची उतरवतात तशी. मग नंतर कुणी चुकून त्या उतरवलेल्या परांचीवर पाय ठेवला की खाली. असं होऊ नये म्हणून कर्नल बांधतानाच एक हत्यार तपासणी करून इशारा देतं, पण इशारा वाचणारा माणूस लागतोच.

माझी स्वतःची गोष्ट सांगते, ती सांगितल्याशिवाय मी हे इतकं का धरून बसलीये ते कळणार नाही.

बऱ्याच वर्षांपूर्वी मी एका कंपनीत होते, आम्ही दूध संकलन केंद्रांसाठी एक डबा बनवायचो. शेतकरी सकाळी दूध घेऊन येतो, काट्यावर वजन होतं, मशीन फॅट सांगतं, डबा दर काढून पावती छापतो. इंदापूरकडच्या गावांमध्ये काही डबे बसवले आणि थोड्या दिवसांत तक्रारी सुरू झाल्या की सकाळी डबा सुरूच होत नाही, कधी होतो कधी नाही. केंद्राचे सचिव म्हणायचे, प्लग काढून दहा मिनिटांनी लावला की चालतो. त्यावरून आमच्याकडे सगळ्यांनी ठरवलं की डबा तापतोय, मग पंखे बसवले, जाळ्या मोठ्या केल्या, फरक शून्य. सात आठवडे गेले यात. तेवढ्या दिवसांत किती सकाळी सचिवांना वहीत हाताने लिहायला लागलं, फॅट अंदाजे टाकलं म्हणून किती भांडणं झाली, मी एकदा स्वतः पहाटे पाचला तिथे उभी होते, एक म्हातारे गृहस्थ किटली घेऊन थांबले होते आणि मला विचारत होते, ताई, कालची पावती कधी मिळणार.

कारण सापडलं ते असं. आमची सेटिंगची फाईल वाचणारा कोड ओळ संपेपर्यंत किंवा शून्य, म्हणजे मजकूर संपल्याची खूण, येईपर्यंत वाचत सुटायचा, फाईल किती मोठी आहे हे तो बघतच नव्हता. नव्या आवृत्तीत फाईलच्या शेवटच्या ओळीनंतर एंटर राहून गेलं होतं. शेवटची ओळ होती मूळ डिस्कची, शेवटी २ हा आकडा. ऑफिसच्या टेबलवर आम्ही डबा नीट बंद करून, चहा घेऊन येऊन चालू करायचो, तोवर मेमरी पुसली जायची आणि त्या २ च्या मागे योगायोगाने रिकामंच असायचं, सगळं बरोबर. गावात लाईट फडफडते, दोन-तीन सेकंद जाते आणि परत येते, तेवढ्यात मेमरीतलं जुनं पूर्ण जात नाही, मग त्या २ ला मागच्या जुन्या अक्षरांचं शेपूट चिकटायचं, तसल्या नावाची डिस्क सापडायची नाही आणि डबा तिथेच मरून पडायचा. दहा मिनिटं प्लग काढला की मेमरी रिकामी होणार, म्हणून चालणार. उष्णतेचा काडीचा संबंध नव्हता.

आणि आता जे सांगायचंय ते मी इतकी वर्षं फार थोड्या लोकांना सांगितलंय. टेस्टिंगमध्ये नवीन लागलेल्या एका मुलीने तो कोड तपासताना विचारलं होतं, शेवटच्या ओळीनंतर एंटर नसेल तर काय होईल? लेखी विचारलं होतं. रिव्ह्यू, म्हणजे ती कोडची तपासणी, मंजूर करणारी मी होते. रिलीज दुसऱ्या दिवशी होतं, मी उत्तर दिलं की फाईल आपणच बनवतो, एंटर असणारच, आणि ओके केलं. कोड मी वरवर चाळला होता, वाचला नव्हता. त्या सात आठवड्यांवर माझी सही आहे.

त्यामुळे माझ्या रविवारच्या मुलांनी जेव्हा बूटकॉन्फिगचा कोड उघडला तेव्हा मी पहिल्यांदा त्यांना हेच शोधायला सांगितलं, की शेवट कसा ओळखतो. आणि तो बघून मला खरंच बरं वाटलं. ही फाईल इनिटआरडी म्हणून जी बूटच्या वेळची फाईल असते तिच्या शेपटाला जोडतात, तिच्यानंतर लिहिलेली असते तिची साईज, मग सगळ्या बाइटची बेरीज, आणि सगळ्यात शेवटी १२ अक्षरांची खूण. कर्नल खूण बघतो, बेरीज जुळवतो, साईजएवढीच कॉपी करून घेतो आणि कॉपीच्या टोकाला स्वतःच्या हाताने शून्य ठेवतो. बस, एवढी एक ओळ. ती आमच्या डब्यात असती तर! पण त्याच मुलांना मी हेही विचारलं की ही नुसती बेरीज कशापासून वाचवते, तर चुकून खराब झालेल्या फाईलपासून वाचवते, मुद्दाम बदललेल्या फाईलपासून नाही, कारण बेरीज कुणीही नव्याने करून लिहू शकतो. हे असे प्रश्न विचारायला शिकणं म्हणजे रिव्ह्यू. व्याकरण बघणं, स्पेस बरोबर आहेत का बघणं, ते मशीन करतं, त्याला माणूस कशाला हवा.

टेस्टचा भाग तर मला सगळ्यात सुंदर वाटतो. हा फाईल वाचणारा कोड असा लिहिलाय की तोच कोड कर्नलच्या आतही जातो आणि साध्या प्रोग्राममध्येही, त्यामुळे दर वेळी मशीन बूट न करता टेबलवर बसून त्याची परीक्षा घेता येते. कर्नलच्या सोर्समध्येच नमुन्यांचं फोल्डर आहे, काही फाईलींच्या नावापुढे गुड, काही फाईलींच्या पुढे बॅड. गुडवाल्या सगळ्या स्वीकारल्या गेल्या पाहिजेत आणि बॅडवाल्या सगळ्या नाकारल्या गेल्या पाहिजेत, यातलं दुसरं आपल्याकडे कुणी तपासतच नाही. रिकामी फाईल, फारच लांब नाव, दिसतच नाहीत अशी अक्षरं, बंद न केलेला कंस, एकच नाव दोनदा. एकच नाव दोनदा आलं तर काय करायचं यावर मुलांचा माझ्याकडे तासभर वाद झाला, एक म्हणाला शेवटचं खरं, एक म्हणाली पहिलं खरं, आणि कोड म्हणतो की दोन्ही नाही, नुसतं परत लिहिलंत तर चूक, आधीचं बदलायचंय की त्यात भर घालायचीये ते वेगळ्या खुणेने स्पष्ट लिहा. मला ही शिस्त फार पटते. अंदाज करणारा कोड बूटच्या वेळी नको.

तरी टेबलवरची परीक्षा पुरत नाही, याचंही उदाहरण त्याच कोडमध्ये आहे. ती १२ अक्षरांची खूण अगदी शेवटी असणार असं धरलं होतं, पण ग्रब नावाचा जो बूटलोडर सगळीकडे वापरतात तो ती इनिटआरडी फाईल मेमरीत ठेवताना तिची साईज ४ च्या पटीत वाढवू शकतो, म्हणजे खूण शेवटापासून तीन बाइटपर्यंत मागे सरकते आणि कर्नलला सापडत नाही. आता कर्नल मागच्या तीन बाइटपर्यंत शोधतो, कोडमध्ये कॉमेंटच आहे तशी. नुसता कोड वाचून हे कुणालाही कळलं नसतं, कारण या कोडमध्ये चूक नव्हतीच, शेजाऱ्याची सवय माहिती नव्हती. त्यासाठी खरोखरच्या बूटलोडरमधून बूट करून बघावं लागतं. मुलं हे क्यूएमयूमध्ये करतात, म्हणजे कॉम्प्युटरच्या आत खोटा कॉम्प्युटर, तो हजार वेळा मोडला तरी खर्च शून्य, सेकंड हँड लॅपटॉप पुरतो. कॉलेजला लॅब, बजेट, काही लागत नाही यासाठी.

अजून एक गोष्ट लिहिल्याशिवाय राहवत नाही, जुन्या कमांड लाईनची. कर्नलमध्ये एखादं सेटिंग वाचणारं फंक्शन, म्हणजे कोडचा तुकडा, नोंदवायच्या दोन पद्धती आहेत, एक अगदी लवकर लागणाऱ्या सेटिंगांसाठी आणि एक थोडी नंतरची. लवकरवालीत काम झालं की शून्य परत द्यायचं, कर्नलमध्ये बहुतेक सगळीकडे शून्य म्हणजे ठीक असंच असतं. नंतरवालीत मात्र उलटं, तिथे १ म्हणजे हे माझं होतं, मी घेतलं, आणि शून्य म्हणजे हे माझं नव्हे. आता सवयीने लोक शून्य लिहून मोकळे होतात. मशीन बूट होतं, सेटिंग लागूही होतं, फक्त कर्नलला वाटतं की हे कुणाचंच नव्हतं आणि तो ते पुढे सिस्टिममधल्या पहिल्या प्रोग्रामच्या गळ्यात टाकतो. कुठेही लाल अक्षरं येत नाहीत. अशा चुका कर्नलमध्ये वर्षानुवर्षं पडून होत्या, पुष्कळ ठिकाणी, आणि नंतर कुणीतरी एकेक फाईल उघडून, वाचून, छोटे छोटे पॅच, म्हणजे कोडमधले बदल, पाठवून त्या दुरुस्त केल्या. एका ओळीचा पॅच, शून्याचा एक. यात त्या माणसाचं स्वतःचं काय, असं कुणी विचारलं तर मी काय सांगू? सगळंच त्याचं स्वतःचं आहे, कारण बाकी कुणी बघितलंच नव्हतं.

स्पेलिंगचंही तसंच. सुरक्षेसाठीच्या सेटिंगचं नाव टाईप करताना एक अक्षर चुकलं तर मशीन मजेत बूट होतं, तुम्हाला वाटतं सुरक्षा चालू आहे, ती नसते. हल्ली कर्नल बूट होताना एक मेसेज देतो की ही ही नावं मला ओळखता आली नाहीत, पण तो मेसेज शेकडो ओळींत एक ओळ असतो. मुलांच्या प्रोजेक्टमध्ये हाही भाग होता, तो मेसेज पकडून टेस्ट फेल करायची. साधी गोष्ट, पण ज्याने असल्या मशिनवर रात्री काढल्यात त्याला विचारा.

वाचकांना हे लांबचं वाटत असेल तर १९ जुलै २०२४ आठवा. शुक्रवार होता. क्राउडस्ट्राइक कंपनीच्या सुरक्षा सॉफ्टवेअरची एक नवी सेटिंग फाईल जगभर गेली, त्यांचा ड्रायव्हर नावाचा आतला प्रोग्राम विंडोजच्या कर्नलमध्ये चालतो आणि बूट होतानाच जागा होतो. त्या फाईलसाठी २१ गोष्टी लागणार होत्या आणि वाचणाऱ्या कोडला २० च दिलेल्या होत्या, एकविसावी वाचायला तो आपल्या जागेच्या बाहेर गेला आणि मशीन बंद पडून स्क्रीन निळी झाली, परत सुरू केलं की परत निळी. मायक्रोसॉफ्टच्या अंदाजाने ८५ लाख मशीन. आपल्याकडे एअरपोर्टवर हाताने लिहिलेले बोर्डिंग पास दिले गेले, त्याचे फोटो सगळ्यांनी बघितले असतील. ती फाईल दीड तासाच्या आत मागे घेतली होती, पण जी मशीन बूटच होत नाहीत त्यांच्यापर्यंत दुरुस्ती पोचणार कशी, माणसांना एकेका मशीनपाशी जावं लागलं. ते वाचताना मला इंदापूरच आठवत होतं. तीच चूक, जागेच्या पलीकडे वाचणं. आणि फाईल तपासणाऱ्या त्यांच्या स्वतःच्या प्रोग्राममध्ये बग होता म्हणून ती फाईल पास झाली होती, म्हणजे परीक्षकाचीच परीक्षा कुणी घेतली नव्हती. त्याच्या आधी जुलै २०२० मध्ये ग्रबमध्ये बूटहोल नावाचा दोष बाहेर आला होता तोही ग्रबची सेटिंग फाईल वाचणाऱ्या कोडमध्येच होता. सेटिंग म्हणजे किरकोळ काम, नवीन पोराला द्या, असं जे आपल्याकडे ऑफिसांमध्ये चालतं ना, ते बंद व्हायला पाहिजे.

आता प्रश्न राहिला मार्कांचा. लिनक्स कर्नलची नवी आवृत्ती दर नऊ-दहा आठवड्यांनी येते, दर वेळी दहा हजारांहून जास्त बदल असतात, आणि बदलाखाली कुणी लिहिला त्याचं, आणि कुणी तपासला, कुणी चालवून बघितला असेल तर त्यांचंही नाव कायमचं राहतं. रिव्ह्यूड बाय, टेस्टेड बाय. लिहिणाऱ्याच्या नावाला लागूनच. आणि रिव्ह्यूड बाय लिहिणं म्हणजे नुसता अंगठा दाखवणं नसतं, त्याचा अर्थ कर्नलच्या नियमांत लिहून ठेवलाय, की मी हा बदल तांत्रिक बाजूने तपासलाय, माझ्या शंका मी लिहिणाऱ्याला कळवल्यात आणि त्यांची उत्तरं मला पटलीयेत, हा बदल आत जाण्यासारखा आहे असं मला वाटतं, तरी तो चालेलच अशी हमी मी देत नाही. मी त्या दिवशी ओके केलं तेव्हा यातलं पहिलं वाक्यसुद्धा खरं नव्हतं. मुलांना मी हे वाक्यन् वाक्य मराठीत समजावलं आणि त्या दिवसाचं सगळं सांगितलं.

माझं म्हणणं एवढंच आहे की विद्यापीठाने आणि कॉलेजांनी फायनल इयरला अशा प्रोजेक्टला सरळ जागा द्यावी. एखादा चालू, खरा, जगात वापरला जाणारा कोड घ्या, वाचा, त्याचं वर्तन मराठीत किंवा इंग्लिशमध्ये नीट लिहून काढा, बॅड नमुने तयार करा, चालवा, काय झालं ते मांडा. चूक सापडली तर उत्तम, नाही सापडली तरी कुठे कुठे शोधली ते मांडता आलं पाहिजे, त्याला मार्क द्या. डॉक्टरने तपासून काही नाही म्हटलं तर आपण फी परत मागत नाही. आणि व्हायवाला, म्हणजे तोंडी परीक्षेला, कॉपी-पेस्ट पकडायची जी डोकेदुखी आहे ती इथे आपोआप कमी होते, कारण वाचलेल्या कोडवर दोन प्रश्न विचारले की कुणी वाचलाय आणि कुणी नाही ते लगेच कळतं. आता तर कोड लिहून देणारी एआय टूल्स प्रत्येक पोराच्या मोबाईलवर आहेत, लिहिलेला कोड स्वस्त झालाय, तो वाचून हा चालवण्यासारखा आहे का ते सांगणारं माणूस महाग होणार आहे, आणि आपण पोरांना अजून लिहिण्याचेच मार्क देतोय.

भाषेचंही सांगते. बार्शीची जी मुलगी आहे ती प्रश्न भारी विचारते, पण मराठीत. इंग्लिशमध्ये लिहायचं म्हटलं की गप्प होते, तिला वाटतं आपलं इंग्लिश चुकेल आणि हसतील. मी तिला सांगितलं आधी मराठीत लिही, शेवटच्या ओळीनंतर काही नसेल तर हा कुठे थांबतो, एवढंच लिही, इंग्लिश करायला दहा मिनिटं लागतात, प्रश्न सुचायला अक्कल लागते. कॉलेजांनी प्रोजेक्टच्या चर्चा मराठीत होऊ दिल्या तर निम्मी मुलं बोलायला लागतील असं माझं ठाम मत आहे.

पुण्याला हे जमणार नाही असं मला वाटत नाही. १९९१ साली तिकडे हेलसिंकीत लिनक्सची पहिली आवृत्ती आली आणि त्याच वर्षी इथे सी-डॅकने परम ८००० हा सुपरकॉम्प्युटर उभा केला. नोव्हेंबर २०१७ पासून जगातल्या सगळ्यात वेगवान ५०० सुपरकॉम्प्युटरांच्या यादीत प्रत्येक मशीनवर लिनक्स आहे, आणि ती सगळी मशीन कधीतरी बूट होतातच, त्यांनाही चिठ्ठी लागतेच. हिंजवडीपासून खराडीपर्यंत इतकी माणसं हेच काम करतात, त्यातली शंभर जणं जरी महिन्यातून एक रविवार कॉलेजच्या मुलांबरोबर बसली तरी पुष्कळ होईल.

त्या तिघांनी शेवटी विषय बदलला, हजेरीचं अ‍ॅप केलं, मार्क चांगले मिळाले. पण बूटकॉन्फिग सोडलं नाही, रविवारी येत राहिले. मागच्या महिन्यात मी त्यांना आमच्या त्या जुन्या डब्याचा फाईल वाचणारा कोड जसा आठवतो तसा परत लिहून दिला, काय चुकलंय ते सांगितलं नाही. बार्शीच्या मुलीने तिच्या बॅड नमुन्यांचं फोल्डर त्याच्यावर चालवलं, तिसऱ्याच नमुन्याला तो पडला, पोहे संपायच्या आत. एंटर नसलेली फाईल होती. तिने माझ्याकडे बघून विचारलं, मॅडम, हा कुणी तपासला होता? मी सांगितलं.

तुमचा बातमीदार कधी पाठवलात तर आम्ही रविवारी सकाळी दहाला बसतो.

आपली,
एक वाचक, कर्वेनगर, पुणे